करीमचाचांचा खांब

संपादकांचं पत्र आलं. 'आपल्या आगळ्यावेगळ्या छंदाविषयी दिवाळी अंकासाठी लिहावे,' असं त्यात होतं. मी आधी पत्रातला 'छंद' हा शब्द पेनानं खोडला आणि मगच लिहायला बसले. बारा वर्षं मी हे काम करते आहे. त्यापायी शाळेतली कायम नोकरी सोडली, दोनदा विजेचा झटका खाल्ला, आणि अर्ध्या भिवंडीत 'ती टाळ्या वाजवत फिरणारी' म्हणून ओळखली जाते. छंद पोस्टाच्या तिकिटांचा असतो.

काम असं आहे. रिकाम्या, उंच, घुमणाऱ्या जागांसाठी मी संगीत बांधते. माझ्याकडे तीन वादक आहेत, दोन जुने स्पूलवाले टेपरेकॉर्डर आहेत आणि सहा स्पीकर आहेत. वादक स्टेजवर बसत नाहीत. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, तिसरा पार मागच्या दारापाशी. ऐकणारे मधे बसतात किंवा फिरतात. सूर चारी बाजूंनी येतात, भिंतींवर आपटतात, छताला जातात आणि थकून परत येतात. जागा मोठी असेल तर एक सूर विरायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा सूर टाकला तर तो पहिल्याच्या अंगावर पडतो. म्हणून अशा जागेत जलद तान घेतली की तिचा चिखल होतो. सावकाश जावं लागतं. आधीचा सूर कुठवर पोचला ते बघून पुढचा टाकावा लागतो.

टेपचं काम त्याहून सोपं. एका रेकॉर्डरवर सूर नोंदला जातो. तीच टेप मशीनमधून बाहेर निघते, सहा फुटांवर ठेवलेल्या दुसऱ्या रेकॉर्डरपर्यंत जाते आणि तिथे वाजते. मधलं अंतर चालायला टेपला आठ-दहा सेकंद लागतात. म्हणजे क्लॅरिनेटवाल्यानं आत्ता वाजवलेलं त्याचं त्यालाच थोड्या वेळानं समोरच्या कोपऱ्यातून ऐकू येतं, आणि मग तो स्वतःशीच जुगलबंदी करतो. मधे टेप लोंबू नये म्हणून तिला आधार लागतो. परदेशात त्यासाठी काय वापरतात मला ठाऊक नाही. आम्ही लूमची कांडी वापरतो, जिच्यावर सूत गुंडाळून धोट्यात बसवतात ती. भिवंडीत ती रस्त्यावर पडलेली मिळते.

हे सगळं मी कुठल्या संगीत महाविद्यालयात शिकले नाही. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे वडील, अण्णा, लूम कामगारांच्या युनियनचं काम करायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या सायक्लोस्टाइल मशीनवर पत्रकं काढायचे. मी अक्षरं गिरवली ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' पासून. दहावीत गेल्यावर अण्णांनी माझ्या हातात माइक दिला. रिक्षाला भोंगा बांधलेला, मी आत बसून पत्रक वाचायची. धामणकर नाक्यावर रिक्षा थांबली की माझा आवाज समोरच्या इमारतीला लागून परत यायचा आणि पुढच्या वाक्यावर पडायचा. लोकांना धड काही कळायचं नाही. अण्णा म्हणाले, "घाई कशाला करतेस? एक वाक्य बोल, मग थांब. भिंतीचं बोलून होऊ दे." माझं संगीताचं शिक्षण ते एवढंच.

भोंगा इस्माईलभाईंच्या दुकानातला असायचा. इस्माईलभाई इथले जुने कोकणी मुसलमान. लग्नं, उरूस, गणपती, निवडणुका, सगळ्यांना लाउडस्पीकर तेच पुरवत. भाड्यानं दिलेला भोंगा परत करायला मी जायची ती तिथेच रेंगाळायची. सोल्डरिंग त्यांनी शिकवलं, अॅम्प्लिफायर उघडायला त्यांनी शिकवलं. आणि एक सवय लावली. कुठल्याही हॉलमध्ये स्पीकर लावायला गेलं की ते मधोमध उभे राहून एकच टाळी वाजवत आणि मान तिरकी करून ऐकत. "बाय, आधी ताली मार. जागा काय बोलते ते आयक. मंग वायर सोड." एवढ्यावरून ते सांगत, स्पीकर कुठे लावायचे आणि कुठे लावले तर भाषण मातीत जाईल. त्यांचं सगळं कौशल्य घूम मारून टाकण्यात होतं. मी मात्र त्या घुमेच्याच प्रेमात पडले. ते म्हणायचे, "माझ्या धंद्यात जो रोग तो तुझ्या धंद्यात गिऱ्हाईक."

वादकांपैकी पहिला आला तो दामूदादा. काल्हेरचा, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. वडिलांची भातशेती गोडाऊनवाल्यांना गेली होती आणि दादा वरातीत वाजवून कंटाळला होता. त्याचा चुलतभाऊ कान्हा त्याच बँडमधला मोठा पितळी बाजा वाजवायचा, ज्याचा आवाज पोटात लागतो तो. तिसऱ्या देसाई बाई, मुलींच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या, व्हायोलिन वाजवत. पहिल्या दिवशी मी दामूदादाला एकच सूर धरून सत्तर पावलं चालायला सांगितलं. तो चालला. परत येऊन म्हणाला, "बाय, मना त नवऱ्यामुलाशिवाय वरात काढल्यासारखा वाटतंय." पण दुसऱ्या दिवशी तो कान्हाला घेऊन आला.

लोकांना आम्ही काय करतो ते कळायचं नाही, आणि ज्यांना कळल्यासारखं वाटायचं ते जास्त पंचाईत करायचे. पूर्ण्याला एका जमीनमालकानं नवं गोडाऊन बांधलं. त्याला कुणीतरी सांगितलं की ही बाई जागा घुमवून देते. त्यानं सत्यनारायणाच्या पूजेला आम्हाला बोलावलं. म्हणाला, मंत्र देवळात वाजतात तसे वाजले पाहिजेत. मी टेप लावली. भटजींनी पहिला मंत्र म्हटला, तो आठ सेकंदांनी मागच्या भिंतीतून आला. भटजी सज्जन होते. त्यांना वाटलं दुसरं कोणी म्हणतंय, म्हणून ते थांबले. तो संपल्यावर त्यांनी पुढचा म्हटला, पुन्हा थांबले. पूजा दुपारपर्यंत चालली. मालक माझ्यावर चिडला, पण भटजी जाताना म्हणाले की इतक्या शांतपणे पूजा सांगायला आयुष्यात कोणी दिली नव्हती.

त्याच गोडाऊनमध्ये आम्ही आमचा पहिला स्वतःचा कार्यक्रम ठरवला आणि तिथे मी धंद्यातला सगळ्यात मोठा धडा शिकले. महिनाभर रिकाम्या जागेत बसून मी एकेक सूर मोजून लिहिला. कार्यक्रमाच्या दिवशी गेलो तर आत कापडाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. इस्माईलभाईंनी टाळी वाजवली. काही परत आलं नाही. कापड आवाज खातं. दगड, सिमेंट, पत्रा आवाज परत देतात; कापड घेतं आणि गप्प बसतं. महिनाभराचं लिहिलेलं त्या दिवशी सुटंसुटं, मेल्यासारखं वाजलं. भिवंडीची मुलगी, जन्म कापडात गेला, आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर जागेत शिरल्यावर मी आधी कापड शोधते.

दुसरी अडचण याच्या उलट होती. भिवंडीत शांतता मिळत नाही. लूम शुक्रवारी बंद असतात, बाकी दिवस-रात्र चालू. एका कारखान्याची भिंत दुसऱ्याला लागून. आतल्या माणसाला बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. पण आठवड्यातून तीन-चारदा दुपारी वीजकपात असायची. वीज गेली की सगळ्या गल्लीतल्या लूम एकदम थांबत आणि असं वाटे की कुणीतरी डोक्यावरून ओझं उतरवलं. आमची वाद्यं विजेशिवाय वाजतात. आणि लाउडस्पीकरवाल्यांचे अॅम्प्लिफायर ट्रकच्या बॅटरीवर चालतात, नाहीतर रिक्षावर भोंगा कसा वाजेल? रेकॉर्डर त्याच बॅटरीवर चालतील अशी सोय इस्माईलभाईंनी करून दिली. त्यामुळे सगळ्या गावाची शिफ्ट बंद पडली की आमची सुरू व्हायची. कारीगर घाम पुसत बाहेर येत, दारात बसून बिडी पेटवत आणि ऐकत. आमचे पहिले श्रोते ते. कार्ड छापून बोलावलेले नव्हेत.

त्यांच्यातच करीमचाचा होते. चाचा जॉबर, म्हणजे लूम बिघडली की ती दुरुस्त करणारे. सतराव्या वर्षी उत्तर प्रदेशातून आले, त्यानंतर तीस वर्षं एकाच कारखान्यात. चोवीस लूम त्यांच्या हाताखाली. तीस वर्षं त्या आवाजात उभं राहिल्यावर माणसाच्या कानाचं काय होतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण मी त्यांना ठाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. वरचे सूर पूर्ण गेलेले. देसाई बाईंचं व्हायोलिन त्यांना कधीच ऐकू आलं नाही. बाई हात हलवतात एवढं दिसायचं. खालचं थोडं उरलेलं, तेही जाणार, असं डॉक्टर म्हणाले. मालकानं तीस वर्षांत कानात घालायला कापसाचा बोळा दिला नव्हता. कापसाच्या गावात. अण्णांनी या एका मागणीवर किती पत्रकं काढली असतील. मालक ती वाचून हसायचा आणि म्हणायचा, आवाज होतो म्हणून तर धंदा चालतो.

चाचा लूम हातानं ऐकायचे. लूमच्या बाजूच्या लोखंडावर तळवा ठेवून डोळे मिटत आणि सांगत, कुठे काय सैल झालंय. सगळे जॉबर थोडंफार हे करतात, पण कान जात गेले तसा चाचांचा हात इतका तयार झाला की बिघाड व्हायच्या आधी ते पाना घेऊन हजर असत.

मग मालकानं लूम भंगारात काढायचं ठरवलं. कारखान्याचं गोडाऊन करण्यात जास्त सुख होतं. कारीगरांना महिन्याभराची सूचना, झालं. अण्णा तोवर थकले होते. तरी त्यांनी पत्रक काढलं, मी भोंग्यावर वाचलं, आणि काही झालं नाही. हे मी लपवणार नाही. त्या लढाईत आम्ही हरलो आणि त्यानंतर मी संगीत केलं. काही जुने सोबती मला म्हणाले, कारखाना बंद पडला आणि तू तिथे बाजा वाजवतेस. त्यांना द्यायला माझ्याकडे आजही अर्धंच उत्तर आहे.

लूम जायच्या आधीच्या शुक्रवारी चाचांनी मला बोलावलं. म्हणाले, रेकॉर्ड करून घे. बंद कारखान्यात त्यांनी चोवीस लूम एकामागून एक, एकेकटी चालवली. प्रत्येकीचा आवाज वेगळा. माझ्या माइकपाशी येऊन ते प्रत्येकीचं नाव सांगावं तसा नंबर सांगत, तिची खोड सांगत. चोवीसावी बंद केल्यावर त्यांनी विचारलं, याचं करणार काय? मी म्हटलं, टेप हळू चालवणार. आवाज खाली जाईल, पोटात लागेल असा. दोन मोठे स्पीकर मधल्या दोन खांबांना खेटून, थेट जमिनीवर ठेवीन. तुम्ही खांबाला हात लावून बसा. तुम्हाला ऐकू येईल. त्यांनी मला हे तीनदा बोलायला लावलं, एकेका कानाशी, आणि मग ओठांकडे बघून. शेवटी म्हणाले, "वादा?"

मी म्हटलं, वादा.

लूम गेल्या. कारखाना तीन आठवडे रिकामा राहणार होता. त्यानंतरच्या रविवारी गाठींचे ट्रक येणार होते. मी टाळी वाजवली. सहा सेकंद. अशी जागा मला पुन्हा मिळालेली नाही. लांब, उंच, वर स्लॅब, मधे खांबांच्या दोन रांगा, आणि तुळयांवर तीस वर्षांचा सुताचा तूस दाढीसारखा लोंबणारा. तीन आठवड्यांत मी चाळीस मिनिटांची रचना लिहिली.

इथे मुंबईची एक सांस्कृतिक संस्था आली. नाव लिहीत नाही. असल्या दहा संस्था आहेत, दहाही जणींना आपल्यावरच लिहिलंय असं वाटलं तर बरंच. त्यांच्या कार्यवाहांना कुठूनतरी आमच्याबद्दल कळलं. आम्ही त्यांना 'सर' म्हणायचो. अतिशय हळू बोलणारा, सौजन्यशील माणूस. त्यांनी परवानगी, छापलेली कार्डं, पाहुण्यांसाठी बस, सगळं अंगावर घेतलं. मालकानं मला दारात उभं केलं नसतं, सरांना चहा पाजला. कार्डावर छापलं होतं, 'भिवंडीच्या गोंगाटातून उमललेलं संगीत'. मी ते वाचलं. ज्यानं माणसांचे कान खाल्ले त्याला उमलणं म्हणायचं, आणि मी गप्प बसले. तिथूनच माझं घसरणं सुरू झालं.

शनिवारचा कार्यक्रम. मी त्यांना दोन गोष्टी लिहून कळवल्या होत्या. चार वाजता वीज जाते, आजूबाजूच्या लूम थांबतात, तेव्हाच सुरू करा. आणि जागेला हात लावू नका.

दुपारी बारा वाजता आम्ही बाकीचं सामान घेऊन पोचलो. आत शिरले आणि टाळी वाजवली. काही परत आलं नाही.

वर मांडवाचं कापड ताणलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरं आणि पिवळं, झालर लावलेलं. भिंतींना पडदे. खाली गालिचे. खांबांना कापड गुंडाळून वर फुलांच्या माळा. समोर एक स्टेज, आणि माझे दोन्ही मोठे स्पीकर खांबांपासून उचलून स्टेजच्या दोन बाजूंना, गालिच्यावर, समया ठेवाव्या तसे ठेवलेले. दारात दोन माणसं कार्ड बघायला. आणि दाराबाहेर, उन्हात, आमचे कारीगर.

सरांना मी विचारलं हे काय आहे. ते म्हणाले, पाहुण्यांच्या डोक्यावर तूस पडेल, त्यात एक बाई दम्याच्या आहेत, आणि माणसांना काय सिमेंटच्या स्लॅबकडे बघत बसवायचं? मी म्हटलं, या कापडानं सगळा आवाज खाल्ला, मी लिहिलेलं आता वाजणारच नाही. ते म्हणाले, "तुम्ही फार बारीक विचार करता. ऐकणाऱ्याला इतकं कळत नाही." कारीगरांचं विचारलं, तर म्हणाले, त्यांच्यासाठी उद्या वेगळा प्रयोग ठेवू, मोकळेपणानं. उद्या इथे गाठी भरणार हे त्यांना ठाऊक होतं. मालकाबरोबरच्या कागदावर त्यांचीच सही होती.

दामूदादा माझ्या मागे उभा होता. म्हणाला, "बाय, ये वाजवाचा न्हाय. चल घरा."

आणि मी, भोंग्यावर 'एकही पाऊल मागे नाही' वाचत वाढलेली मुलगी, दादाला म्हटलं, वाजवू या. बसमधून माणसं निघाली होती. कार्डावर माझं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ते छापलं होतं, पत्रकाच्या खाली नाही, वर. मी एवढंच भांडले की करीमचाचांना आत घ्या. सरांनी मोठ्या मनानं एकाला परवानगी दिली.

चारची वाट न बघता सव्वातीनलाच भाषणं संपवून वाजवायला सुरुवात झाली. सूर निघायचे आणि तिथेच पडायचे. दामूदादाचं क्लॅरिनेट कोपऱ्यात एकटंच बोलत होतं. दोन सुरांमधे मी सहा-सहा सेकंद मोकळे सोडले होते, ते घुमेनं भरायचे होते. तिथे आता शेजारच्या कारखान्याच्या लूमची खडखड आणि पाहुण्यांचं खोकणं भरत होतं. टेपवरच्या लूम गालिच्यावर गुदमरत होत्या. पाहुणे मात्र सभ्य होते. अर्ध्यात मी थांबवलं, चहाची वेळ होती, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याही परत आल्या नाहीत.

चाचा त्यांच्या खांबापाशी, गुंडाळलेल्या कापडाच्या आत हात घालून, तळवा सिमेंटला लावून बसले होते. धुतलेला पांढरा सदरा. मी त्यांच्याकडे गेले. जवळ गेल्यावर त्यांनी मान वर केली आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बेटी, शुरू कब होगा?"

सर हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय.

चार वाजले होते. वीज गेली. पंखे थांबले, आणि बाहेर सगळ्या गल्लीच्या लूम थांबल्या. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले, कार्यक्रम संपला असं समजून काही उठले. सर म्हणाले, आता नाइलाज आहे, आभार मानून घेऊ. मी बॅटरीवरचा माइक चालू केला. वीस वर्षांत हजारदा केलं होतं. मी म्हटलं, "पाहुण्यांनी बाजूला व्हावं. कापड उतरवायचं आहे."

सर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. हे ठरल्यात बसत नाही, संस्था तुमच्याबरोबर पुन्हा उभी राहणार नाही. मी म्हटलं, "तुम्ही उभे कुठे होतात? बसवायलाच तर आला होतात आम्हाला." इस्माईलभाईंनी तोवर दार उघडलं होतं. कार्ड बघणारे दोघं कारीगरांना अडवायला गेले नाहीत. चाळीस माणसं एकदम आत आली की कोण अडवतं? जन्मभर कापड विणलेली माणसं ती. कुठली गाठ आधी सोडायची आणि कोणी कुठलं टोक धरायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. उंच शिडीचा घोडा लागला, दोऱ्या सुटल्या, छत एका बाजूनं खाली आलं. त्याबरोबर तुळयांवरचा तूस आला. तीस वर्षांचा. पाहुण्यांच्या रेशमावर, केसांवर, चहाच्या कपांत. बस दहा मिनिटांत भरली. दोन पाहुणे मात्र थांबले. एक गृहस्थ बूट काढून घोडा धरायला उभे राहिले होते, आणि दम्याच्या बाई, ज्यांच्या नावानं हे सगळं ताणलं होतं, नाकाला पदर लावून पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, मला कोणी विचारलंच नव्हतं.

गालिचे गुंडाळले, पडदे गेले, खांब सोडवले. कान्हानं आणि मी मोठे स्पीकर ओढत खांबांपाशी नेले. मग मी मधे उभं राहून टाळी वाजवली.

सहा सेकंद.

आम्ही पहिल्यापासून वाजवलं. त्या चाळीस मिनिटांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते लिहिता येत असतं तर मी लेखिका झाले असते. सव्वीस मिनिटं झाली असतील. दामूदादा चालत चालत मागच्या दारापर्यंत गेला होता आणि त्याचाच मघाचा सूर पुढच्या दारातून येत होता. कान्हा खालचा एकच सूर धरून होता. त्याच्याखाली टेपवरच्या लूम एकेक करून चालू होत होत्या, चौपट हळू, जमिनीतून. चाचा एकदम ओरडले, "ग्यारह नंबर! पिकर ढीला है उसका!" आणि त्यांचा दुसरा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. पाना खिशात होता. सगळे कारीगर हसले, आणि हसू छताला जाऊन परत आलं, आणि मग कोणी हसेना. अकरा नंबरची लूम भंगारात जाऊन तीन आठवडे झाले होते. पिकर, म्हणजे धोट्याला ठोसा मारणारा तुकडा, तिचा खरंच ढिला होता. रेकॉर्ड करताना त्यांनीच मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाठी आल्या. चाचा महिन्याभरात गावी गेले. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही असं त्यांच्या मुलाचं पत्र आलं. संस्थेच्या अहवालात आमचा कार्यक्रम 'तांत्रिक कारणांमुळे अर्धवट राहिला' असं छापलं आहे. तो पहिला अर्धा तास कापडाखाली वाजवायला मीच मान डोलावली होती, हे त्यात नाही, म्हणून इथे लिहिते. मला राग त्या सरांचा येतो, त्याहून स्वतःचा येतो, आणि राग कमी व्हावा असं मला अजिबात वाटत नाही.

त्या दिवशी शेवटचा सूर कान्हाचा होता. त्यानं बाज्यावरून तोंड काढलं. मी मनात मोजत होते. सहा झाले. सात. माझ्या कानांना काही उरलं नव्हतं, देसाई बाईंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं, इस्माईलभाई बॅटरीची वायर सोडवायला वाकले. चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचा दुसरा तळवा खांबावर तसाच होता. आम्ही सगळे, कान असलेली माणसं, त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

मग त्यांनी खांबावरून हात काढला आणि म्हणाले, "अब बंद हुआ."